रायभानच्या अंगात देव नव्हता

जबाब
दिनांक २० मार्च १९५८, वार गुरुवार, सकाळी साडेदहा.

माझं नाव भिवराबाई भ्र. धोंडीबा शिंगाडे. वय अंदाजे पासष्ट. (वय माहीत न्हाई. सन अठराच्या मानमोडीच्या साथीत माझा दुसरा लेक पाळण्यात होता, त्यावरून मुन्शींनी काढलं.) धंदा मेंढरं राखणे. राहणार हिवरवाडी, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी.

समक्ष इचारल्यावरून बयान देते की, वर लिवलेल्या ठिकाणी मी अन् माझा नातू रायभान, वय चोवीस, असे दोघं राहतो. त्याचे आईबाप तापात गेले, तवा तो रांगत होता. मीच वाढवला. शंभरावर मेंढरं हाईत. मुन्शी बन्सीधर मला म्हणले, "मावशी, थोडक्यात सांगा." मी म्हणलं, "मुन्शीबाबा, थोडक्यात सांगायला मी तार हाय का? तुमी कालपरवापस्तोर उजवीकडून उर्दू लिवत होते, आता डावीकडून मराठी लिवायलात. तुमाला दम लागायलाय, मला न्हाई." ते म्हणले, हे लिवायचं नसतं. मी म्हणलं, मी बोलले ना, मग लिवा.

रायभानला काल बुधवारी सकाळी आठ वाजता ठाण्यात आणलं. आमच्या गावचे मोठे शेतकरी दिनकरराव, त्यांची फिर्याद अशी की, रायभाननं अंगात देव आल्याचं सोंग करून गावाला फूस लावली. मंगळवारी दुपारी त्यांच्या खळ्यावरची कडब्याची गंजी मोडायला लावली अन् खालची जमीन खांदायला लावली. रायभाननं हे सगळं ठाण्याच्या साहेबांसमोर कबूल केलं असं कळलं. ते कबूल केलेलं खोटं हाय. त्यानं फूस लावली न्हाई अन् सोंगबी केलं न्हाई. त्याच्या अंगात देव हाय असं गावाला मी सांगितलं. तेवढं लिवून घ्या अन् त्याला सोडा, म्हणून मी आपल्या पायानं आले.

कबुलीबद्दल सांगते की, रायभान सध्या कुणीबी काहीबी इचारलं की हो म्हणतो. त्याच्या कानात जे बोलतेत ते त्याला म्हणतेत, तूच केलंस, हो म्हण. जमादारांनी त्याला काल इचारलं, आणखी काय काय केलंस? तर तो म्हणला, पुलीस ॲक्शन मीच केली. जमादारांनी तेबी लिवून घेतलं म्हणं. त्या साली रायभान चौदा वर्सांचा होता अन् त्याला गोवर निघाला होता. अंगाला कडुलिंबाचा पाला लावून तो खाटंवर पडला होता. त्या खाटंवरून निजामाचं राज त्यानं कसं घालवलं, ते साहेबांनी मला सांगावं.

आता वाऱ्याबद्दल. माझ्या अंगात बिरोबाचं वारं येतं, त्याला चाळीस वर्सं झाली. ढोल वाजायला लागला की पायाच्या अंगठ्यातून चढतं. ढोल थांबला, कपाळाला भंडारा लागला, की उतरतं. उतरल्यावर मला लय भूक लागती. चार भाकरी खाते. मग मेंढरांकडं जाते. वाऱ्यात देव सगळ्या वस्तीला शिव्या घालतो, कुणाला सोडत न्हाई. एकदा ह्याच दिनकररावांना घातल्या होत्या, त्यांना आठवत असंल, ते समोर बाकावर बसलेत. (इथं फिर्यादीबद्दल बोलण्याची समज दिली.) हे फिर्यादीबद्दलच हाय. वारं म्हणजे काय हे मला गावात सगळ्यांत जास्त कळतं. तरीबी मी चुकले. ते कसं, ते सांगते.

मागल्या दिवाळीपासून रायभान बदलला. आधी तो मेंढरं मोजत नसायचा. नुसती नजर टाकायचा अन् म्हणायचा, आजी, तांबड्या कानाची मागं राहिली. दिवाळीनंतर मेंढरं आपली आपण घरी यायला लागली अन् त्याला मागं घेऊन यायला लागली. आंघूळ सोडली. बाभळीखाली बसून कुणालातरी उत्तरं द्यायचा. समोरून काय इचारलं ते मला ऐकू यायचं न्हाई, पण ह्याचं उत्तर रागाचं असायचं. मधीच हसायचा. बोलणं इथनं सुरू व्हायचं अन् भलतीकडंच निघायचं. पिठल्यात कुणी काय घातलंय म्हणून खाईना. मग आधी मी खायची, अन् मला काय झालं न्हाई हे बघून तो दोन घास खायचा. दिवाळीनंतरच्या दोन महिन्यांत तो वाळला अन् मी जाड झाले.

त्याचं कुत्रं मोत्या पौषात मेलं. लहानपणापासून त्याच्या अंथरुणात निजायचं. रायभान शेजारीच बसला होता. त्यानं मान वळवून बघितलं अन् परत समोर बघायला लागला. ह्याबद्दल जास्त सांगायचं न्हाई.

हे सगळं मला दिसत होतं. पण मी ते देवावर घातलं. मला वाटलं, माझ्या मागं वारं कुणाकडं जाणार म्हणून चाळीस वर्सं फिकीर केली, लेकांना आलं न्हाई, आता नातवाला आलं. मला इतका आनंद झाला की मी तानुबाईला सांगितलं. तानुबाई म्हणजे आमची शेजारीण, राधाकिशनची बायको. तिला सांगितलं म्हणजे दवंडी द्यायचं काम वाचतं. माघी पुनवेला मी सोता ढोल वाजवायला लावला, रायभानला बिरोबासमोर घोंगडीवर बसवलं अन् कपाळाला भंडारा लावला. तो म्हणला, "ऐका, ऐका, सगळे बोलायलेत." अख्खी वस्ती पाया पडली.

तिथून पुढं चार-पाच आठवडे लोक त्याला इचारायला यायचे. कस्तुराबाईची शेळी हरवली होती. तो तिला म्हणला, "दार लाव, ते बघायलेत." ती घरी गेली, दार लावलं, तर दाराच्या मागं शेळी उभी, तिचंच लुगडं खायलेली. तानुबाईची सून माहेरी रुसून बसली होती. तिला म्हणला, "मोटारवाल्याला सगळं मालूम हाय." दुसऱ्या दिवशी सून देवगाव फाट्यावर मोटारीतून उतरली. आता फाट्यावर उतरणारी सून मोटारीतूनच उतरणार, तिला काय पंख हाईत? पण हे मला आज सुचायलंय. तवा मीच सगळ्यात आधी हात जोडले. नारळ इतके यायला लागले की मेंढरंबी खोबरं चघळायची. हिरीवर बाया मला म्हणायच्या, "भिवरामाय, तुमी आधी भरा." मी आधी भरायची.

शनिवारी, म्हणजे ८ तारखेला, दुपारी रायभान दोन्ही हात कानावर दाबून वाड्यात, म्हणजे मेंढरांच्या काट्याच्या कुंपणात, बसलेला दिसला. तिसऱ्या दिवसाचा उपाशी होता. मला संशय आला, म्हणून आमच्यात जी रीत हाय ती केली. वारं नवीन असलं की त्याला नाव इचारतेत. देव असला तर नाव सांगतो, ठाणं सांगतो, काय पाहिजे ते सांगतो. लाजत न्हाई. मी भंडारा हातात घेतला अन् इचारलं, "कोण हाईस? नाव सांग." तो म्हणला, "आजी, मला इचारू नको. सांगू नको म्हणतेत. आजी, मला लय भ्या वाटायलंय."

देव मला आजी म्हणत न्हाई.

मी भंडारा खाली टाकला. त्याच्याशेजारी बसले. माझं वारं ढोलानं येतं, ह्याचं ढोलाबिगर येतं. माझं उतरतं, ह्याचं उतरतच न्हाई. माझं भूक लावतं, ह्याचं भूक मारतं. माझा देव सगळ्या गावाला शिव्या घालतो, ह्याच्या कानातले नुसते ह्या एकट्यालाच छळायलेत. चाळीस वर्सांची माहीतगार मी, अन् एवढं कळायला मला पाच महिने लागले.

सोमवारी १० तारखेला त्याला बैलगाडीनं देवगाव फाट्यापस्तोर, तिथून मोटारीनं सेलूला अन् रेल्वेनं परभणीच्या दवाखान्यात नेलं. फाट्यावर मोटारवाल्यानं भोंगा वाजवला की रायभान म्हणायचा, "माझंच सांगायलेत." रेल्वेत म्हणला, "आजी, ह्या डब्यातल्या सगळ्यांना माझ्या मनातलं कळायलंय." मी समोरच्या पागोटंवाल्याला इचारलं, "काय हो पाव्हणं, माझ्या नातवाच्या मनात काय हाय, तुमाला मालूम हाय का?" तो म्हणला, "आजी, तीस वर्सं झाली, मला बायकोच्या मनातलं कळंना, तुमच्या नातवाचं कुठनं कळंल?" सगळा डबा हसला. रायभान हसला न्हाई. मला वाटलं होतं हसंल.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला लय येळ इचारलं. किती जण बोलतेत? तो म्हणला, तिघं, त्यात एक बाई हाय. काय बोलतेत? म्हणला, मी जे करतो तेच एकमेकांना सांगतेत. आता उठला, आता पाणी प्यायलाय, ह्याला लाज न्हाई. हे मी पहिल्यांदाच ऐकलं. पाच महिन्यांत मी त्याला काय बोलतेत असं एकदाबी इचारलं नव्हतं. गावाचे प्रश्न इचारले.

मी बाईंना म्हणलं, "आमच्या घराण्यात वारं हाय, त्यातलं तर न्हाई ना?" त्या म्हणल्या, "तुमचं वारं किती येळ राहतं?" म्हणलं, "ढोल हाय तवर." त्या म्हणल्या, "मग तुमी बेमार न्हाईत." म्हणलं, "अन् हा?" त्या म्हणल्या, "हा बेमार हाय." मला रडू यायला पाहिजे होतं, पण खरं सांगते, मला बरं वाटलं. बेमारीला दवा असती.

बाईंनी सांगितलं ते असं. ही मेंदूची बेमारी हाय. चढत्या वयातल्या पोरापोरींना बहुतेक धरती. करणी न्हाई, शाप न्हाई, वाढवणाऱ्याचा गुन्हाबी न्हाई. कानात येणारे आवाज त्याचाच मेंदू तयार करतो, पण त्याला ते तुमच्या-माझ्या बोलण्याइतके खरे ऐकू येतेत. म्हणून सोंग म्हणायचं न्हाई. एका अंगात दोन माणसं असतेत असं लोक म्हणतेत, तेबी खोटं. माणूस एकच असतो, घाबरलेला. आंघूळ सोडणं, तोंडावर हसू-रडू नसणं, हा आळस न्हाई, तेबी बेमारीतच येतं. असली माणसं दुसऱ्याला मारतेत हे भ्या धरू नका, बहुतेक तीच जगाला भिऊन असतेत. गोळी नवीन निघालीय, बंबईहून येती. तिनं झोप येती, तोंड सुकतं, हात जरा कापतेत. बरं वाटलं तरी बंद करायची न्हाई. बेमारीचं नाव लांब हाय, ते चिठ्ठीवर लिवलंय, चिठ्ठी जबाबाला जोडा. (चिठ्ठी पाहिली. तीत 'स्किझोफ्रेनिया' असे नमूद आहे.) बघा, मुन्शीबाबालाबी दोनदा वाचावं लागलं.

आता माझा गुन्हा. दवाखान्यातून आल्यावर मी गावात कुणालाच काय सांगितलं न्हाई. तानुबाईनं इचारलं, कुठं गेल्ता? मी म्हणलं, माझे गुडघे दाखवायला. रायभानच्या अंगात देव न्हाई असं सांगितलं असतं, तर लोक म्हणले असते, भिवरामाय, तुमीच तर भंडारा लावला. ते मला सांगवंना. त्या आठ दिवसांत नऊ नारळ आले, ते मी घेतले. हिरीवर घागर आधी भरली. हे मी आजपस्तोर कुणाला सांगितलं न्हाई, ठाण्यालाच पहिल्यांदा सांगायलीय.

मंगळवारी १८ तारखेला दुपारी बारा-साडेबाराला रायभान मेंढरं घेऊन दिनकररावांच्या खळ्याजवळ गेला. गोळीनं त्याला झापड येती, म्हणून गंजीच्या सावलीला आडवा झाला. कान जमिनीला लागला. तो म्हणला, "खाली बोलायलेत." तानुबाई तिथं शेण गोळा करायलेली. तिनं ऐकलं अन् शेण टाकून पळत सुटली. पुलीस ॲक्शनच्या साली पळून जाणाऱ्यांनी जागोजागी सोनं पुरलंय, असं आमच्या गावात बारक्या लेकरालाबी मालूम हाय. फक्त कुठं पुरलंय एवढंच कुणाला मालूम न्हाई. घटकाभरात टिकाव-फावडी घेऊन पंचवीस-तीस माणूस आलं. गंजी मोडली. राधाकिशन सगळ्यांत पुढं.

रायभान हात जोडून उभा होता. "खांदू नका, पाया पडतो, खांदू नका, वर येतील," असं म्हणत होता. तानुबाई म्हणली, "देव नको म्हणायलाय, म्हणजे परीक्षा बघायलाय. खांदा!" म्हणजे खांदा म्हणणारी तानुबाई अन् खांदू नका म्हणणारा रायभान. धरला कुणाला, ते साहेबांनी बघावं.

मी तवा तिथं होते का, असं साहेबांनी इचारलं. होते. गलका ऐकून आले, वीस पावलांवर उभी होते. हा बेमार हाय, देव न्हाई, एवढंच म्हणायचं होतं. म्हणले न्हाई. लाज होती, अन् दुसरंबी एक होतं. खाली काय निघतंय ते मलाबी बघायचं होतं.

पाच-सहा हात खांदल्यावर जमीन खाली बसली अन् राधाकिशन कमरेपस्तोर आत गेला. तो खालून वरडला, "बघा, बघा, सोनं हाय का!" कस्तुराबाई वरून म्हणली, "सोनं न्हाई राधाकिशन, नुसता तूच हाईस." घाण इतकी सुटली की सगळे नाकाला पदर-पागोटं लावून पळाले. ते जुनं पेव होतं, धान्य साठवायचं जमिनीतलं. आत काळी पडलेली कुजकी ज्वारी. लोक म्हणले, बघा, देवाला जमिनीतलं दिसलं.

त्याबद्दल सांगते की, त्यात देवाचं काय न्हाई. ते पेव आमच्या वयाच्या सगळ्या बायांना मालूम हाय. लेव्हीच्या साली, धान्य सरकारात घालायचं होतं तवा, दिनकररावांनी ती ज्वारी तिथं दडवली. मी सोता मजुरीनं टोपल्या वतल्यात. नंतर ते पेव इसरले. मुन्शीबाबांचा हात थांबला. लिवा. दिनकररावांना खोकला आला, तोबी लिवा.

पेव निघाल्यामुळं रायभानचं नाव आणखी वाढलं. काल तर ठाण्याच्या दारात चारठाणा गावाकडली तीन माणसं नारळ घेऊन आली अन् शिपायाला इचारायली, "देव कोणत्या खोलीत हाय?" शिपायानं हाकललं. पण एक नारळ ठेवून घेतला.

आज सकाळी सात वाजता शिपायाच्या परवानगीनं मी रायभानला गजातून भाकर अन् गोळी दिली. मी आधी घास खाल्ला न्हाई, मुद्दाम. त्यानं भाकर घेतली, तशीच खाल्ली. मग म्हणला, "आजी, मेंढरांकडं कोण हाय?" मी म्हणलं, "कस्तुराबाईला बसवलंय." तो म्हणला, "तिला काय कळतंय? घरातली शेळी दिसंना तिला, मेंढरं काय दिसणार?" अन् हसला. तोंड सुकलेलं, ओठ फाटलेले, पण हसला. साहेब मला मघाशी म्हणले की, नातू कोठडीत अन् आजी हसत हसत जबाब द्यायली, असं कधी बघितलं न्हाई. त्याचं कारण हे हाय. पाच महिन्यांनी त्यानं कुणाचीतरी टिंगल केली.

आवाज गेले का, असं मी इचारलं. तो म्हणला, "न्हाई. पण लांब गेलेत. ओढ्याच्या पल्याड." मी म्हणलं, "राहू दे तिकडंच. जेवायला बोलवू नको."

गोळ्या चार दिवसांच्या उरल्यात. सोमवारी २४ तारखेला त्याला परत परभणीला दाखवायचंय. तो कोठडीत राहिला अन् गोळी तुटली, तर ओढ्याच्या पल्याडचे परत कानात येतील, अन् मग तो काय काय कबूल करंल ह्याला सुमार न्हाई. म्हणून साहेबांना अर्ज करते की, त्याला माझ्या जिम्म्यावर सोडावं. दिनकररावांची गंजी मी अन् खांदणारे मिळून रचून देऊ. राधाकिशन वर चढंल, त्याची खाली जायची हौस फिटलीय.

येत्या रविवारी बिरोबासमोर मी वस्ती बोलावणार हाय, अन् ढोल वाजायच्या आधीच सांगणार हाय की, रायभानच्या अंगात देव नव्हता, बेमारी होती, अन् मी चुकले. ढोल वाजल्यावर देवाच्या तोंडानं सांगितलं तर लोक लगेच ऐकतील. पण मग परत तेच झालं. म्हणून माझ्याच तोंडानं सांगणार. हिरीवर घागर शेवटी भरायला लागली तर भरीन. पाणी आटत न्हाई.

हे ऐकून बाकावर बसलेले दिनकरराव म्हणले की, रायभानबद्दल आपली काही तक्रार न्हाई, फिर्याद परत घेतो, फक्त ते लेव्हीचं खोडावं. मी म्हणलं, "दिनकरराव, जबाबात खाडाखोड चालत न्हाई, मुन्शीबाबांना इचारा." मुन्शी म्हणले, चालत न्हाई. दिनकरराव म्हणले, "भिवरामाय, तुमच्या तोंडाला वारं लागत न्हाई, वारंच तुमच्या तोंडाला भिऊन असंल." साहेबांनी रायभानला आज माझ्या ताब्यात द्यायचं ठरवलं. आणखी काही सांगायचं न्हाई. म्हणजे हाय, पण कागद संपला.

जबाब मुन्शींनी मला मोठ्यानं, एकबी शब्द न गाळता वाचून दाखवला. वाचत असताना रायभाननं शेजारच्या कोठडीतून हाक मारली, "आजी, माझं नाव घेऊन कुणीतरी बोलायलंय. मी उठलो, मी भाकर खाल्ली, सगळं सांगायलंय. हे पल्याडचेच हाईत का?" मी म्हणलं, "न्हाई रे बाळा, मुन्शीबाबा हाईत. मलाबी ऐकू यायलंय. साहेबांनाबी यायलंय." तो गजापाशी आला. मग म्हणला, "परत एकदा वाचायला सांग." मुन्शींनी त्याच्यासाठी परत पहिल्यापासून वाचला. शेवटी तो म्हणला, "बरोबर हाय." मीबी सांगते की, बरोबर हाय.

अंगठा निशाणी: भिवराबाई भ्र. धोंडीबा शिंगाडे
समक्ष लिहून घेतला: बन्सीधर, मुन्शी